कुंपणापलीकडचा वर्ग : ग्रामीण निसर्गशिक्षणाची ओळख

महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यातल्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडून दहा मिनिटे चालले, की शिकण्याजोग्या गोष्टी सुरू होतात. कोकणात असाल तर कातळसडा आणि त्यावरची पावसाळी डबकी, देशावर असाल तर ओढा, गायरान आणि बांधावरची बाभूळ, पूर्व विदर्भात असाल तर मोह-तेंदूचे जंगल आणि मामा तलाव. या साऱ्याचा रोजच्या शिकण्या-शिकवण्यात विचारपूर्वक उपयोग करणे म्हणजे निसर्गशिक्षण. आपल्याकडे हे काम नवे नाही. मोठ्या माणसांनी ते हाताळले आहे, तरी खेड्यातल्या शिक्षकांना, पालकांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना त्याचा पुरेसा परिचय झालेला नाही. या क्षेत्रात पहिल्यांदाच डोकावणाऱ्या वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे.

आरंभी एक मर्यादा आखून घेतलेली बरी. वर्षातून एकदा निघणारी सहल, जूनमधले वृक्षारोपण, पर्यावरण दिनाची घोषवाक्य स्पर्धा या उपक्रमांना आपापली जागा आहे; पण हे क्षेत्र त्यांवर उभे नाही. येथे अभिप्रेत आहे ते नियमितपणे बाहेर जाणे. आठवड्याची एखादी तासिका, एकच ठरलेली जागा, हातात वही आणि परत आल्यावर त्या नोंदींवर वर्गात काम. गणित, भाषा, विज्ञान आणि भूगोल यांतले जे घटक बाहेर अधिक चांगले समजतात, ते बाहेर शिकायचे. याने अभ्यासक्रमाचा बोजा वाढत नाही. त्यातल्याच काही पानांना आपल्या गावचा पत्ता मिळतो.

‘खेड्यातल्या मुलांना निसर्ग काय शिकवायचा? ती तर त्यातच वाढतात,’ असे अनेकजण विचारतात. या प्रश्नात तथ्य आहे. गुरे राखणाऱ्या मुलीला कोणत्या गवताला गाय तोंड लावत नाही हे ठाऊक असते. कातकरी वाडीवरच्या मुलाला खेकड्याचे बीळ लांबून ओळखता येते. पण हीच मुले वर्गात बसली, की त्यांच्या या माहितीची कोणी विचारपूस करत नाही. पुस्तकात ती नसते, चाचणीत तिला गुण नसतात. आपल्याला जे येते त्याला ज्ञान म्हणत नाहीत, अशी मुलांचीही हळूहळू खात्री पटते. ही समजूत दुरुस्त करणे हे निसर्गशिक्षणाचे पहिले काम आहे.

दुसरे कारण याहून खोल आहे. आजीबरोबर रानभाजी खुडताना, मामाबरोबर ओढ्यात मासे धरताना, वडिलांबरोबर पेरणीची वाट पाहताना हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जात असे. गेल्या काही दशकांत मुले गुरांमागून शाळेत आली. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो हक्कच दिला. ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे. मात्र मुले ज्या वेळात रानात शिकत होती तो वेळ आता शाळेकडे आला, आणि त्या वेळेबरोबर एक जबाबदारीही आली. शाळेने मुलांना गायरानातून बोलावून घेतले. आता गायरानालाही शाळेत जागा देणे तिच्याकडे लागते. या क्षेत्राचे सारे प्रयोजन मला या एका देण्यात दिसते.

मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या दिशेचा एक मोलाचा प्रयोग आपल्याच भूमीत झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्या सोबतीला आल्या. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली अनेक आदिवासी मुले दिवसभर गुरांमागे असत, त्यामुळे शाळेत येऊ शकत नसत. या दोघींनी मग शाळाच मुलांकडे नेली. लहानांसाठी वस्तीतल्या अंगणात अंगणवाडी भरू लागली आणि गुराख्यांसाठी चराईच्या रानात कुरणशाळा. शिकवण्याचे साहित्यही बिया, पाने, शंखशिंपले, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून तयार झाले. खर्च वाचला हा त्याचा एक लाभ. मुलांच्या ओळखीच्या वस्तू शिकण्याच्या वस्तू ठरल्या, हा त्याहून मोठा लाभ होता.

कोसबाडला मागेपुढे सोबतही होती. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ साली बोलपूरजवळ शांतिनिकेतनात आश्रमशाळा काढली आणि तेथे झाडांच्या सावलीत वर्ग भरू लागले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना देशापुढे ठेवली. हाताने केलेले काम आणि भोवतालचे जीवन यांतून शिक्षण व्हावे, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या परिसरात आनंद निकेतन ही शाळा आजही त्या वाटेने चालते. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांतून सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर पसरला. खेड्यातल्या सरकारी शाळेतली मुले शेतात आणि नाल्याकाठी जाऊन स्वतःच्या निरीक्षणातून विज्ञान शिकू शकतात, हे त्याने तीन दशके दाखवून दिले.

कायदा आणि धोरणेही या कामाला अनुकूल आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण विषयाचे शिक्षण सक्तीचे करण्याची दिशा दिली आणि २००३ साली त्याचा पाठपुरावा केला. शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञानाची सांगड घाला, असे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितले. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या प्राथमिक शाळांत परिसर अभ्यास हा विषय तर आहेच. परवानगीची अडचण म्हणून फारशी उरलेली नाही. शिक्षकाला हवा आहे तो बाहेर नेमके काय करायचे याचा आराखडा, आणि ते आपल्याला जमेल हा विश्वास.

आराखड्यासाठी सर्वात भरवशाचा आधार म्हणजे ऋतू. मेअखेरीस सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत काजवे चमकू लागतात. मृग लागला, की ओल्या मातीवर मखमली तांबडे मृगाचे किडे दिसतात आणि पावशाची ‘पेरते व्हा’ ही साद ऐकू येते. श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. भाद्रपदात माळावर तेरडा आणि सोनकी. थंडीत मध्य आशियाकडून आलेले भोरड्यांचे थवे. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, सावर. आणि उन्हाळ्यात मोह, बहावा, करवंदे, जांभळे. वाचकांनी आपल्या गावापुरते असे बारमाही पत्रक तयार करून पाहावे. त्यात प्रत्येक महिन्यासमोर एक पाहण्याची गोष्ट आणि तिच्याशी जुळणारा पुस्तकातला एक पाठ लिहिला, की वर्षभराचे नियोजन निम्मे झाले.

यातल्या एकेका गोष्टीत किती शिकणे दडले आहे, हे बहाव्यावरून पाहता येईल. बहावा फुलला, की साधारण दीड-दोन महिन्यांनी पाऊस येतो, असे अनेक गावांत मानतात. हे खरे की खोटे, याचा निकाल शिक्षकांनी देण्याची घाई करू नये. शाळेजवळचे तीन-चार बहावे निवडावेत. पहिला घोस कधी उमलला आणि पेरणीजोगा पाऊस कधी झाला, या तारखा मुलांनी दरवर्षी लिहाव्यात. काही वर्षांत आलेख काढण्याइतकी माहिती जमते. अंदाज बांधणे, तो तपासणे, एखाद्या वर्षी तो चुकला तर कारण शोधणे ही विज्ञानाची रीत त्यातून मुलांच्या अंगवळणी पडते. गावची समजूत आंधळेपणाने स्वीकारली जात नाही आणि हसण्यावारीही नेली जात नाही. तिला तपासून पाहण्याचा मान मिळतो.

गणिताचे उदाहरण पावसाचे घ्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. मुलांनी शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोजावी. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर त्या छपरावर वर्षाला ५०,००० लिटर पाणी पडते. माणदेशासारख्या अवर्षणाच्या भागातही हा हिशेब लागू होतो. यातले थोडे पाणी सुकते, थोडे सांडते. किती, याचा अंदाज मुलांनीच करावा. मग शाळेला रोज किती पाणी लागते, हा प्रश्न आपसूक पुढे येतो. क्षेत्रफळ, घनफळ, गुणाकार आणि गावचा पाणीप्रश्न एकाच तासिकेत एकत्र येतात.

रसायनशास्त्रासाठी कोकणातल्या किंवा ठाणे-पालघरच्या शाळेने शेवळाच्या भाजीकडे वळावे. पहिल्या पावसात उगवणारी ही भाजी नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. खाज येण्यामागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट घालायचे हे स्वयंपाकघरांनी अनुभवाने शोधून काढले. या तासाला शिकवायला गावातल्याच एखाद्या आजींना सन्मानाने खुर्ची द्यावी. त्या भाजी निवडायची कशी, शिजवायची कशी हे सांगतील. शिक्षक स्फटिकांबद्दल सांगतील. दोन्ही गोष्टी मुलांच्या वहीत शेजारी शेजारी उतरतील.

सगळेच विषय इतके सरळ नसतात, आणि त्यांपासून दूर राहू नये. भोरड्या ज्वारीच्या कणसांवर उतरतात, म्हणून शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने त्यांना हाकलतो. हेच पक्षी टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात. मग भोरडी शेतकऱ्याची मित्र की शत्रू? मुलांनी शेतावर जाऊन पाहावे, राखण करणाऱ्यांशी बोलावे आणि आपापले म्हणणे पुराव्यासह मांडावे. रानडुक्कर, बिबट्या, विहिरीतला उपसा, वणवा अशा विषयांनाही हीच पद्धत चालते. ज्यांच्या घरच्या पिकाची नासाडी झाली, त्या मुलांना निसर्गाच्या गोडव्याचे पाठ पटणार नाहीत. त्यांचा प्रश्न वर्गात मोकळेपणाने मांडला जावा, यातच या शिक्षणाचा प्रामाणिकपणा आहे.

गावाजवळ देवराई असेल तर ती शाळा भाग्यवान समजावी. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यांचे महत्त्व जगापुढे आणले. मुलांनाही तेथे खरा अभ्यास करता येतो. दहा मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन देवराईत आणि तेवढाच शेजारच्या उघड्या माळावर आखावा. दोन्हींत किती प्रकारच्या वनस्पती आहेत, पाचोळ्याचा थर किती जाड आहे, दुपारी दोन वाजता तापमान किती आहे, हे मोजावे. तेथे जाण्यापूर्वी गावाची संमती घ्यावी आणि देवराईचे रीतिरिवाज पाळावेत. राई टिकली ती गावाने नियम पाळले म्हणून. हा धडाही त्याच भेटीत मिळतो.

येथपर्यंत शाळेबद्दल बोललो. पण गावाला वगळून हे काम उभे राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे उदाहरण वाचकांनी मुद्दाम अभ्यासावे. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाला सुरुवात केली. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परतते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पूर्वी अंडी गोळा करून नेली जात. आता गावकरीच घरट्यांची राखण करतात, कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांना घरी उतरवतात आणि त्यातून चार पैसे मिळवतात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, हे शास्त्रही कासवांच्या सोबतीने गावापर्यंत पोहोचले. वेळासमध्ये शिकणारा समाज आहे. मुले त्यातच वाढत आहेत.

दुसरे उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. तेथे लोक अभ्यासगट करून जंगल, कायदा आणि गावकारभार यांवर विचार करत आले आणि मगच ग्रामसभेत निर्णय घेत आले. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला अशा अभ्यासाचे एक निमित्त दिले आहे. स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करावी, असे तो सांगतो. या नोंदवहीसाठी शाळेची मुले उत्तम लेखनिक ठरू शकतात. वनस्पतीचे गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली नाव आधी लिहावे, मराठी नाव त्यापुढे. औषधी वनस्पतींची माहिती मात्र सांगणाऱ्याच्या संमतीवाचून लिहू नये. ती त्याच्या घराण्याची ठेव असते.

आता तुम्ही प्रत्यक्ष सुरुवात कशी कराल? मोठी योजना आखू नये. शाळेपासून पाच-दहा मिनिटांवरची एक जागा निवडा: एखादा वड, ओढ्याचे वळण, जुनी विहीर. वर्षभर तेथेच जा, कारण बदल दिसायला जागा तीच हवी. पहिल्या काही फेऱ्यांत नावे सांगू नका; मुलांना रंग, आकार, आवाज, वास यांचे वर्णन करू द्या. नाव कळले की पाहणे थांबते, असे पुष्कळदा घडते. प्रत्येक फेरीला एकच प्रश्न पुरतो. वडाच्या कोणत्या बाजूला जास्त मुंग्या आहेत? ओढ्याचे पाणी मागच्या आठवड्यापेक्षा किती बोटे उतरले? परतल्यावर चित्र, चार ओळी आणि एक नवा प्रश्न एवढे वहीत उतरले, तर फेरी सार्थकी लागली. तुम्हाला सगळी झाडे-पाखरे ओळखता आलीच पाहिजेत, असे मुळीच नाही. ‘चला, शोधू या’ असे म्हणणारा शिक्षक मुलांना फार मोठी गोष्ट शिकवत असतो.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाळायलाच हव्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप सर्वांनी चित्रावरून ओळखायला शिकावेत. दगडाखाली, बिळात, पाचोळ्यात हात घालू नये. दंश झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या, की झाडाखाली न थांबता परत फिरावे. अनोळखी फळ तोंडात घालू नये, घरट्याला हात लावू नये. काही पालक विचारतील, ‘पोरे शिकायला धाडली की हिंडायला?’ त्यांचा राग मानू नये. त्यांना एकदा सोबत न्यावे आणि मुलांच्या वह्या दाखवाव्यात. घरकामासाठी मागे ठेवल्या जाणाऱ्या मुली आणि चालायला अडचण असणारी मुले यांना सोयीचे ठिकाण व वेळ आधी ठरवावी. या वर्गातून कोणीही सुटता कामा नये.

वाचनाची साथ मराठीत भरपूर आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ त्या-त्या महिन्यात त्या महिन्याचे प्रकरण घेऊन वाचावे. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात अरण्याचे शास्त्र आणि तेथील लोकांचे ज्ञान एकत्र भेटते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळीकडे धीराने पाहायला शिकवते. अनुताई वाघांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ तर शिक्षकांनी आधी वाचावे, कारण साधने तुटपुंजी असताना काम कसे उभे राहते, हे त्यातून समजते. पुस्तके वाचून मग बाहेर जायचे, असा क्रम धरू नका. दोन्ही एकाच वेळी चालू द्या.

ज्या शाळेत हे काम पाच-सात वर्षे टिकते, तिच्याकडे एक अशी गोष्ट जमा होते जी तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत मिळत नाही: आपल्या गावच्या विहिरींची पातळी, पहिल्या पावसाच्या तारखा, फुलोऱ्याचे दिवस, हिवाळी पाखरांचे येणे-जाणे, यांची मुलांच्या हस्ताक्षरातली सलग नोंद. ग्रामसभेत पाण्याचा किंवा गायरानाचा विषय निघाला, तर ही वही पुढे ठेवता येते आणि सातवीतली मुलगी उभी राहून आकडे सांगू शकते. त्या दिवशी शाळा गावाच्या उपयोगी पडते आणि गावाला शाळा आपली वाटते. एवढ्या मोठ्या फळासाठी लागते ती आठवड्याची एक तासिका, एक वही आणि चिकाटी. तुमच्या गावात ही तिन्ही मिळण्यासारखी आहेत. म्हणून वाचकांनी हे क्षेत्र तज्ज्ञांचे समजून दुरून पाहू नये. तुमच्या ओढ्याचा अभ्यास अजून कोणीच केलेला नसेल, तर त्याचे पहिले अभ्यासक तुम्ही आणि तुमची मुलेच असणार आहात.